पावसाळ्यात दार अडकतंय? रंधा काढण्याआधी हे तपासा

जूनचा पाऊस लागून दहा-पंधरा दिवस झाले की दारांची कामं सुरू होतात. निरोप बहुतेक एकच असतो: "दार फुगलंय, जरा रंधा मारून द्या." दरवर्षी हेच काम करत आल्यामुळे खात्रीने सांगतो, यातल्या बऱ्याच दारांना रंध्याची गरजच नसते. कुठे वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल झालेले असतात, कुठे दाराची खालची कड रंगाशिवाय कोरी राहिलेली असते, कुठे कडीचं भोक दोन मिलिमीटर वर-खाली झालेलं असतं.

घाईने रंधा मारण्याचा तोटा पावसात दिसत नाही, तो फेब्रुवारीत दिसतो. लाकूड सुकून आकसतं आणि जुलैत तासलेल्या बाजूला बोटभर फट पडते. त्या फटीतून डास येतात, वारा आला की दार खडखडतं, कुलपाची जीभ अर्धवट बसते. तासलेलं लाकूड परत लावता येत नाही. म्हणून खालचा क्रम सोप्यापासून अवघडाकडे आणि फुकटापासून खर्चाकडे जाणारा आहे. त्याच क्रमाने जा.

लक्षणं: दार नेमकं कुठे आणि कसं अडकतं

दार खेचण्याआधी दोन मिनिटं त्याच्यासमोर उभं राहा. दार बंद करून चारही बाजूंच्या फटी बघा. दोन्ही उभ्या बाजूंना आणि वर साधारण २ ते ३ मिलिमीटर फट, सगळीकडे सारखी, असं असेल तर दार सरळ आहे. तसं नसेल तर फटीचा आकारच बहुतेक वेळा कारण सांगून जातो.

कडीकडच्या बाजूचा वरचा कोपरा चौकटीच्या उभ्या लाकडाला लागतो, त्याच बाजूचा खालचा कोपरा लादीवर घासतो आणि लादीवर कमानीसारखा ओरखडा उमटलाय. वरची फट बिजागरीकडे कमी आणि कडीकडे जास्त आहे. असं असेल तर दार खाली बसलंय. याचा पावसाशी संबंध थोडाच, बिजागरीशी जास्त.

कडीकडची कड वरपासून खालपर्यंत सारखी घासते, उन्हाळ्यात काही त्रास नव्हता आणि मागच्या वर्षी दिवाळीनंतर दार आपोआप सुटलं होतं. हे खरं फुगणं.

फक्त खालचा वीतभर भाग जाड झालाय, प्लायचे थर सुटल्यासारखे दिसतात, रंगाला फोड आलेत. न्हाणीघराचं किंवा बाल्कनीचं दार असेल तर हे नेहमीचं आहे. लाकडात पाणी शिरलंय.

दार मिटताना शेवटच्या दोन-तीन इंचांत उसळी मारून परत येतं, पण कडीकडे कुठेच घासत नाही. दोष बिजागरीच्या बाजूला आहे.

वरचा कोपरा चौकटीच्या खोबणीत टेकतो आणि खालचा बाहेर राहतो, किंवा उलट. दाराला पीळ पडलाय.

दार छान मिटतं, फक्त कडी किंवा टॉवर बोल्ट भोकात बसत नाही. हा सगळ्यात किरकोळ दोष, आणि याच दोषापायी लोक अख्खं दार तासून घेतात.

डोळ्यांनी कळलं नाही तर खडू वापरा. चौकटीच्या उभ्या लाकडावर आतल्या बाजूने खडू भरपूर घासा, दार हळू मिटून उघडा. जिथे लागतंय तिथे दाराच्या कडेवर पांढरा डाग उमटेल. गडद रंगाच्या दारावर हे लख्ख दिसतं. फिक्या दारासाठी कार्बन पेपर फटीत धरून दार मिटा, निळी-काळी खूण नेमक्या जागेवर येते. त्या जागेला पेन्सिलीने गोल करून ठेवा. पुढचं सगळं काम त्या गोलापाशी आहे.

सुरुवात फुकटच्या तपासण्यांनी

दाराच्या मागे काय लटकलंय ते आधी बघा. ओले रेनकोट, दप्तरं, छत्र्या, इस्त्रीच्या कपड्यांचे हँगर असं सगळं दाराच्या खुंट्यांवर पावसाळ्यातच जमा होतं, आणि ते सगळं वजन वरच्या बिजागरीवर ओढ देतं. ते काढून दार परत मिटून बघा.

मग खाली बसून लादी आणि दार यांमधली फट बघा. नवं पायपुसणं, उंबरठ्याच्या कोपऱ्यात अडकलेला खडा, अर्धवट खाली आलेला टॉवर बोल्ट यांपैकी काही आहे का? घरात नव्याने लादी बसवली असेल तर लादीच वर आली आहे, दार खाली आलेलं नाही. चौकटीच्या खोबणीत रंगाचे जुने थर साचून कडक पापुद्रे झालेले असतात. चार-पाच वेळा रंगवलेल्या जुन्या घरात हे थर मिळून मिलिमीटरभर जाडी सहज भरते. तेवढे पापुद्रे बोथट पटाशीने किंवा स्क्रॅपरने खरवडले की कित्येकदा काम संपतं. खूप जुना तैलरंग असेल तर कोरडा पॉलिश पेपर मारू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं. तो ओला करून खरवडा, तोंडाला मास्क लावा, मुलांना दूर ठेवा आणि निघालेला चुरा कागदात गुंडाळून टाका.

बिजागरीचे स्क्रू

ही तपासणी सगळ्यांत महत्त्वाची आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दार अर्धं उघडा. कडीची मूठ धरून दार हळूच वर उचलायचा प्रयत्न करा आणि नजर वरच्या बिजागरीवर ठेवा. बिजागरीचं पान लाकडापासून हलताना दिसलं तर स्क्रू सैल आहेत. पान घट्ट आहे पण मधली पिन हलते, तर बिजागरीच झिजली आहे आणि ती बदलायची. दोन्ही घट्ट असतील तर पुढच्या तपासणीकडे जा.

स्क्रू हातानेच आवळा. पेचकस स्क्रूच्या खाचेत पुरेपूर बसणारा हवा. लहान पेचकसाने खाच फाटते आणि मग तो स्क्रू काढणं हेच वेगळं काम होऊन बसतं. इथे ड्रिल मशीन वापरू नका. जुन्या लाकडात स्क्रू घट्ट झाल्यावरही मशीन फिरतच राहतं आणि भोकातले आटे खरवडून टाकतं.

स्क्रू फिरतो पण आवळत नाही, म्हणजे भोक मोठं झालंय. लोक यात काड्यापेटीच्या काड्या खुपसतात. तात्पुरतं चालतं, पण त्या काड्यांचं लाकूड मऊ असतं आणि वर्षा-दोन वर्षांत स्क्रू पुन्हा सैल होतो. त्यापेक्षा बांबूच्या किंवा सागाच्या बारीक चिपा काढा. भोकात फेव्हिकॉलसारखा लाकडाचा पांढरा गोंद सोडा, चिपा हातोडीने हलक्या ठोकून गच्च भरा, वर आलेली टोकं पटाशीने सपाट कापा आणि रात्रभर वाळू द्या. दुसऱ्या दिवशी स्क्रूपेक्षा बारीक भोक पाडून मगच स्क्रू घाला. गोंद ओला असताना स्क्रू पिळला तर चिपा भोकातच फिरतात.

दार जड असेल तर वरच्या बिजागरीचे चौकटीकडचे एक-दोन स्क्रू लांब घाला. सव्वा इंची असतील तिथे दोन इंची. चौकटीच्या आतलं लाकूड अजून अस्पर्श असतं, तिथे पकड मिळते. स्क्रूच्या आट्यांना मेणबत्ती घासून घ्या, जड लाकडातही तो सहज जातो. साबण लावायची सवय बऱ्याच जणांना आहे, पण साबण ओल धरतो आणि स्क्रू गंजतो. पितळी स्क्रू वापरत असाल तर त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आधी घालून काढून घ्या आणि त्या तयार वाटेने पितळी घाला. पितळ मऊ असतं, सागात थेट पिळलं तर डोकं तुटून हातात येतं.

हे सगळं एकेक स्क्रू काढून करा. तिन्ही-चारही एकदम काढले तर दार सुटून अंगावर येईल. त्याआधी दाराखाली दोन लाकडी पाचरी सारून वजन त्यांच्यावर घ्या.

दार दोनच बिजागऱ्यांवर असेल आणि भक्कम सागाचं किंवा जाड फ्लश (दोन्ही बाजूंनी सपाट, प्लाय लावलेलं) असेल, तर तिसरी बिजागरी बसवून घेणं हा खर्च वाया जात नाही.

पॅकिंग आणि खाच

स्क्रू घट्ट आहेत तरी कडीची बाजू थोडी खाली आहे. अशा वेळी खालच्या बिजागरीच्या पानामागे पातळ पट्टी घाला. यामुळे दाराचा खालचा भाग कडीकडे ढकलला जातो आणि कडीची अख्खी बाजू वर उचलली जाते. नेहमीच्या मापाच्या दाराला १ मिलिमीटर पॅकिंग घातलं की कडीची बाजू अर्धा ते पाऊण मिलिमीटर वर येते. ऐकायला थोडं वाटतं, पण घासणं थांबायला बहुतेक वेळा तेवढं पुरतं. पॅकिंगला सनमायकाची कापलेली पट्टी उत्तम, ती साधारण १ मिलिमीटर जाड असते आणि ओल धरत नाही. औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा एका रात्रीपुरता ठीक, पावसाळ्यात तो दबून चोथा होतो.

उसळी मारणाऱ्या दाराचं उलट असतं. तिथे बिजागरीची खाच गरजेपेक्षा खोल गेलेली असते, त्यामुळे दार आणि चौकट बिजागरीकडे आधीच एकमेकांना टेकतात आणि दार पुढे जात नाही. तिथेही पानामागे पट्टी घालायची, पण सगळ्या बिजागऱ्यांना सारखी. त्याआधी स्क्रूची डोकी पानाबाहेर आली आहेत का ते बोट फिरवून बघा. एक वर आलेला स्क्रूही दाराला उसळी द्यायला पुरतो.

कडी बसत नाही, एवढंच

बोल्टच्या टोकाला ओला खडू लावा, दार मिटा आणि बोल्ट सरकवून बघा. चौकटीवरच्या भोकाच्या पट्टीवर तो कुठे टेकतोय ते उमटेल. दीड-दोन मिलिमीटरचा फरक असेल तर पट्टीचं भोक बारीक कानशीने तेवढ्याच बाजूला वाढवा. जास्त असेल तर पट्टी काढून सरकवा, जुनी भोकं चिपांनी बुजवून नवी पाडा. दाराला हात लावायची गरज नाही. मात्र आधी स्क्रू तपासलेले असले पाहिजेत. दार रोज थोडं-थोडं खाली बसत असेल तर पट्टी किती वेळा सरकवणार?

खरंच फुगलंय का?

इथपर्यंत सगळं नीट असूनही दार घासत असेल, तर आता लाकडाकडे वळू.

लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. लांबीत ते जवळपास बदलत नाही, बदलतं ते रुंदीत आणि जाडीत. म्हणून दार कधी उंच होत नाही, रुंद होतं. कोकण किनाऱ्यावर जुलैत हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते. तिथे उघडं लाकूड हळूहळू १८ टक्क्यांच्या जवळ ओल धरतं, हिवाळ्यात तेच १२ टक्क्यांवर येतं. साग हे फार कमी हलणारं लाकूड, तरीही एवढ्या फरकात नेहमीसारखी चिरलेली सागाची फळी शंभराला एकच्या हिशेबाने रुंदावते. पॅनेलच्या दारात १०० मिलिमीटरच्या दोन उभ्या पट्ट्या असतात, म्हणजे दार दोनेक मिलिमीटर वाढलं. मधलं पॅनेल खाचेत मोकळं असतं, त्याची वाढ खाचेतच जिरते. नुसत्या फळ्या जोडून केलेलं जुन्या घरातलं दार असेल तर अख्खी रुंदी वाढते आणि ९०० मिलिमीटरला ८ ते १० मिलिमीटरपर्यंत मजल जाते. म्हणूनच गावच्या घरांतली फळ्यांची दारं चौकटीत सैल बसवलेली दिसतात. त्या सुतारांना हा हिशेब पक्का माहीत होता.

विदर्भातल्या वाचकांसाठी मुद्दाम सांगतो. तुमच्याकडे पाऊस कोकणापेक्षा कमी, पण मे आणि जुलै यांमधली उडी मोठी. मेच्या कोरड्या हवेत लाकूड सहा-सात टक्क्यांपर्यंत सुकतं आणि दोन महिन्यांत पंधरा-सोळावर जातं. मेमध्ये घट्ट बसवून घेतलेलं नवं दार जुलैत अडकणारच. एप्रिल-मेमध्ये दार बसवून घेत असाल तर सुताराला फट थोडी जास्त ठेवायला सांगा.

आता आरशाची तपासणी. ही मी प्रत्येक दारावर करतो. हातातला छोटा आरसा किंवा मोबाइलचा समोरचा कॅमेरा दाराखालच्या फटीत सरकवा आणि दाराची खालची कड बघा. मग स्टुलावर चढून वरची कड बघा. दाराचं तोंड चकचकीत रंगवलेलं असतं आणि या दोन कडा कोऱ्या असतात, रंगाऱ्याचा ब्रश तिथे पोचलेलाच नसतो. लाकडाच्या तंतूंची तोंडं याच कडांवर उघडी असतात. उभ्या पट्ट्यांची कापलेली टोकं तिथेच येतात आणि बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने ओल आत ओढतात. खालची कड तर लादी पुसण्याचं पाणी रोज पिते. पहिल्या मजल्यापासून विसाव्या मजल्यापर्यंत हेच बघत आलोय. कुलपासाठी कोरलेलं भोकही आतून कोरंच असतं.

कडा कोऱ्या निघाल्या तर कारण सापडलं. पण आत्ता, भर पावसात, त्यांना रंग लावू नका. आतली ओल कोंडली जाते, रंग फुगून सुटतो आणि सगळं काम पुन्हा करावं लागतं.

मेणबत्ती आणि थोडी वाट

घासण्याच्या जागेवर पांढरी मेणबत्ती दाबून घासा, दाराच्या कडेला आणि चौकटीला, दोन्हीकडे. मिलिमीटरच्या आतलं घासणं असेल तर दार तेवढ्याने सरकतं आणि पावसाळा निघतो. खोबरेल किंवा शिवणयंत्राचं तेल लावू नका. ते लाकडात मुरतं आणि पुढे त्या जागी रंग किंवा पॉलिश धरत नाही. मेण मात्र खरवडून निघतं.

खोलीत पंखा चालू ठेवा, दार शक्यतो मिटलेलं ठेवा. सताड उघडं दार ओल्या हवेत राहिलं की एका बाजूने जास्त ओल घेतं आणि पीळ पडायची शक्यता वाढते. दिवाळीनंतर दोन-तीन आठवडे कोरडी हवा मिळू द्या आणि खडूची खूण पुन्हा घेऊन बघा. डिसेंबरातही त्याच जागी घासत असेल तर रंध्याचं काम खरंच आहे.

रंधा मारायचाच असेल तर

थांबणं शक्य नसेल, म्हणजे मुख्य दार मिटतच नसेल, तर आत्ता फक्त खुणेच्या जागेपुरतं आणि मिटेल एवढंच तासा. बाकीचं हिवाळ्यासाठी ठेवा.

उभी कड घासत असेल तर दार चौकटीवर असतानाच काम होऊ शकतं. खाली दोन्ही बाजूंनी पाचरी मारून दार हलणार नाही असं करा. वरची किंवा खालची कड तासायची तर दार उतरवावंच लागतं. भरीव दाराचं वजन ३० ते ४० किलो असतं, एकट्याने उतरवू नका. खाली पाचरींचा आधार द्या, आधी खालची बिजागरी सोडवा, दुसऱ्या माणसाने दार धरलेलं असताना सगळ्यात शेवटी वरची.

रंध्याचं पातं आधी धारेवर आणा. २५ अंशाचा उतार आणि टोकाला ३० अंशाची बारीक धार, धारेच्या दगडावर तेल किंवा पाणी घालून, पाठीमागची लव (धार लावताना वळलेली बारीक कोर) निघेपर्यंत. वर्तमानपत्राच्या कागदाची कड उभी धरून पातं लावलं तर कागद न फाटता कापला गेला पाहिजे. पातं तळाबाहेर केसभर काढा आणि टाकाऊ फळीवर फिरवून बघा. अखंड, कागदासारखी पातळ ढलपी निघाली तर ठीक. तुकडे पडत असतील किंवा लाकूड उपटलं जात असेल तर पातं बोथट आहे, जास्त बाहेर आहे किंवा तुम्ही तंतूंच्या उलट दिशेने चालला आहात. दिशा बदलून बघा. रंध्याच्या तळालाही मेणबत्ती फिरवली की तो हलका चालतो.

जुन्या दारात खिळे लपलेले असतात. रंग खरवडून कड नीट बघा, लोहचुंबक फिरवून घ्या. एका खिळ्याने पात्याला पडलेला खड्डा काढायला अर्धा तास जातो.

वरच्या आणि खालच्या कडेवर रंधा नेहमी कोपऱ्याकडून मध्याकडे चालवा, दोन्ही टोकांकडून. एका टोकाने घुसून दुसऱ्या टोकाबाहेर काढला तर उभ्या पट्टीचं टोक चिरून चिलपा उडतो आणि तो दाराच्या दर्शनी बाजूलाच दिसतो.

कडीकडची कड काटकोनात ठेवू नका. दार मिटताना जी धार आधी आत जाते, त्या बाजूला थोडा तिरका उतार हवा. ३५ मिलिमीटर जाड दाराला दीड ते दोन मिलिमीटर. दार गोलाईत फिरतं, आतली धार आधी लागते. हा उतार मिळाला की एकूण कमी लाकूड काढावं लागतं. पाच-सहा हात मारले की दार मिटून बघा, पुन्हा खडू, पुन्हा दोन हात.

फ्लश दाराला हात आखडता ठेवा. आतल्या गाभ्याभोवती लाकडाची पट्टी असते आणि ती फार रुंद नसते. एका बाजूने ३ मिलिमीटरपेक्षा जास्त काढायची वेळ आली तर थांबा. सनमायका लावलेलं दार असेल तर खुणेवर धारदार सुरीने रेघ खोल मारून मग रंधा लावा, नाहीतर सनमायकाचे टवके उडतात. विजेवरचा रंधा या कामाला मी देत नाही. त्याने एका हातात दोन मिलिमीटर जातात आणि चुकीची जागा गेली की गेली.

हिवाळ्यात तासलेली कड त्याच दिवशी बंद करा

तासून झाल्यावर कोरं लाकूड उघडं ठेवलं तर पुढच्या पावसात पुन्हा तोच खेळ. हिवाळ्यात, लाकूड कोरडं असताना, वरची, खालची आणि दोन्ही उभ्या कडा, बिजागरीच्या खाचा आणि कुलपाचं भोक आतून, सगळीकडे दोन हात द्या. रंगवलेल्या दाराला प्रायमर आणि तैलरंग, पॉलिशच्या दाराला सीलर आणि पॉलियुरेथेन. पहिला हात कडेवर लगेच मुरेल, म्हणून दुसरा हवाच. यामुळे ओल पूर्ण थांबत नाही, पण आत जायचा वेग इतका कमी होतो की चार महिन्यांचा पाऊस दाराला पुरेसा फुगवू शकत नाही. दार उतरवलेलंच असेल तर ही संधी सोडू नका. खालच्या कडेला पोचायची वेळ पुन्हा लवकर येत नाही.

न्हाणीघराच्या दाराचे थर सुटले असतील तर रंधा, गोंद, रंग यातलं काही टिकत नाही. दार बदला. फ्लशच घ्यायचं तर आयएस २२०२ या फ्लश दारांच्या भारतीय मानकाचा शिक्का आणि पाण्याला टिकणारा गोंद वापरल्याची नोंद बघून घ्या, किंवा सरळ पीव्हीसी अथवा डब्ल्यूपीसीचं (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेलं) घ्या.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

चौकटीवर पेचकसाच्या मुठीने खालपासून वरपर्यंत टकटक करा. आवाज पोकळ आला, पेचकसाचं टोक सहज आत गेलं, भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या, तर वाळवी आहे. उंबरठ्यालगतचा भाग आधी बघा. लाकडाला बारीक गोल छिद्रं आणि खाली पिठासारखा भुसा असेल तर लाकूड पोखरणारा भुंगेरा. दोन्ही वेळा दाराचं काम थांबवून आधी कीडनियंत्रणवाल्याला बोलवा, सुताराला त्यानंतर. पोखरलेल्या चौकटीत लांब स्क्रू घालून काही उपयोग नाही.

ओळंबा सोडून चौकटीच्या दोन्ही उभ्या बाजू बघा आणि दोरीने दोन्ही कर्ण मोजा. कर्णांत सेंटिमीटरच्या आसपास फरक असेल तर चौकट वाकडी झाली आहे. चौकट नव्याने बसवणं हे अनुभवी सुताराचं आणि गवंड्याचं मिळून काम आहे.

दाराच्या वरच्या कोपऱ्यातून भिंतीत तिरका तडा गेलाय, घरातली दोन-तीन दारं एकाच मोसमात एकाच बाजूला अडकायला लागलीत, किंवा उन्हाळ्यातही दार दर महिन्याला थोडं जास्त घासतंय. इथे सुताराचं काम उरत नाही. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा, फोटो काढा आणि सोसायटीच्या कमिटीला लेखी कळवा. स्ट्रक्चरल इंजिनिअरने बघायला हवं. मुंबईत ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतींना महानगरपालिका कायद्याच्या कलम ३५३ ब नुसार अशी तपासणी करून घेणं बंधनकारक आहे.

उंच इमारतींत जिन्याकडे जाणारी आगरोधक दारं असतात, वर स्प्रिंगचा क्लोजर बसवलेली. ती अडकत असतील तर स्वतः तासू नका, भोकं पाडू नका, पाचर लावून उघडीही ठेवू नका. तासलं की त्या दाराची आग अडवायची क्षमता जाते. सोसायटीमार्फत दार बसवणाऱ्या कंपनीकडूनच दुरुस्ती करून घ्या.

पीळ पडलेल्या दाराबद्दल एवढंच. पाच-सहा मिलिमीटरपर्यंत असेल तर खोबणीची पट्टी किंवा बिजागरी सरकवून सुतार ते जमवून घेतो. त्याहून जास्त असेल तर वजन ठेवून, उन्हात तापवून सरळ करायचे घरगुती प्रकार टिकत नाहीत. सागाचं जुनं दार असेल तर भंगारात देण्याआधी सुताराला दाखवा. सांधे सोडवून, उभ्या पट्ट्या सरळ करून ते पुन्हा जोडता येतं का हे तो बघून सांगेल.

सुताराला बोलवाल तेव्हा खडूच्या खुणा पुसू नका, आणि मागच्या उन्हाळ्यात ते दार घासत होतं की नाही हे त्याला आधी सांगा.